जड दगडाची ओळख : बास्टनेसाइट या विरल मृदा खनिजाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

क्षेत्रभेटीला गेल्यावर तुमच्या हाती एक तपकिरी-पिवळसर दगड आला आहे अशी कल्पना करा. दिसायला तो अगदी साधा आहे, त्याला धातूसारखी चमक नाही. पण हातावर तोलून पाहिला तर आकारमानाच्या मानाने तो बराच जड लागतो. तुम्ही त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकता, पण तो फसफसत नाही. मग वहीत काय नोंद कराल? बहुतेक विद्यार्थी ‘बराइट’ लिहितील. थोडे सावध विद्यार्थी ‘सिडेराइट असावे’ असे लिहितील. ‘बास्टनेसाइट’ हा शब्द फारच थोड्यांना सुचेल.

बास्टनेसाइट हे सेरियम, लँथेनम, निओडिमियम इत्यादी विरल मृदा मूलद्रव्यांचे फ्लोरीनयुक्त कार्बोनेट खनिज आहे. आज जगात काढल्या जाणाऱ्या हलक्या विरल मृदांचा मोठा वाटा याच खनिजापासून मिळतो. पवनचक्क्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी यांतील चुंबकांसाठी लागणारे निओडिमियम त्यात असते. असे असूनही हे खनिज पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर असून ओळखले गेले नाही, किंवा ओळखताना चूक झाली. या पाठात आपण स्वीडन, चीन, अमेरिका आणि भारत या चार ठिकाणचा इतिहास पाहू. त्यावरून क्षेत्रात खनिज ओळखण्याच्या कसोट्या कशा घडत गेल्या आणि प्रत्येक कसोटीची मर्यादा कोणती, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

१. बास्टनेस : पहिली खूण वजनाची

स्वीडनमधील रिडारहिटन या गावाजवळ बास्टनेस नावाची जुनी खाण आहे. तेथील एका तांबूस, विलक्षण जड खनिजाचे वर्णन आक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजवैज्ञानिकाने १७५१ मध्ये केले. त्याने त्याला ‘बास्टनेसचा टुंगस्टेन’ म्हटले. स्वीडिश भाषेत ‘टुंग’ म्हणजे जड आणि ‘स्टेन’ म्हणजे दगड. त्या काळी टंगस्टन हे मूलद्रव्य माहीतच नव्हते. म्हणजे हे नाव रासायनिक घटनेवरून नव्हे, तर हाताला जाणवलेल्या वजनावरून पडले होते.

ही खाण हिसिंजर कुटुंबाच्या मालकीची होती. विल्हेल्म हिसिंजर याने तरुणपणीच हा दगड कार्ल शेले या नामवंत रसायनशास्त्रज्ञाकडे तपासायला पाठवला होता, पण त्यात काही नवे आहे हे शेलेलाही कळले नाही. पुढे १८०३ मध्ये हिसिंजर आणि यॉन्स बर्झेलियस यांनी, तसेच जर्मनीत मार्टिन क्लापरोट याने स्वतंत्रपणे, त्यात एका नव्या मूलद्रव्याची ‘मृदा’ म्हणजे ऑक्साइड असल्याचे दाखवले. १८०१ मध्ये सापडलेल्या सिरीस या खस्थ पदार्थावरून बर्झेलियस आणि हिसिंजर यांनी मूलद्रव्याला ‘सेरियम’ हे नाव दिले. ज्या खनिजात ते सापडले ते सेराइट होय. ते सिलिकेट आहे, कार्बोनेट नव्हे.

याच खाणीतील सेराइटबरोबर पिवळसर रंगाचे आणखी एक खनिज अल्प प्रमाणात आढळते. हिसिंजरने १८३८ मध्ये त्याचे वर्णन सेरियमचे फ्लोरीनयुक्त खनिज म्हणून केले. १८४१ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक ह्युओ याने खाणीवरून त्याला ‘बास्टनेसाइट’ हे नाव दिले. परंतु हिसिंजरच्या वर्णनात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे हे खनिज कार्बोनेट आहे. १८६८ मध्ये नॉर्डेन्शेल्ड याने याच खनिजासाठी ‘हॅमार्टाइट’ हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत ‘हमार्टिया’ म्हणजे चूक. ते नाव टिकले नाही, पण चुकीतला धडा आजही लागू पडतो. कार्बोनेट म्हटले की आपण आम्लाचा थेंब टाकून बुडबुड्यांची वाट पाहतो. बास्टनेसाइट थंड, सौम्य आम्लात जवळजवळ गप्प राहते. त्याची पूड करून आम्ल कोमट केले तर हळूहळू बुडबुडे येतात. म्हणून ‘फसफसत नाही, म्हणजे कार्बोनेट नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

२. प्रकाशाची खूण : निओडिमियमचा पट्ट

कार्ल मोसांडर याने १८३९ मध्ये सेरियममधून लँथेनम वेगळे केले आणि त्यानंतर लवकरच ‘डिडिमियम’ नावाचा आणखी एक पदार्थ वेगळा काढला. डिडिमियमच्या द्रावणातून प्रकाश पाठवला की वर्णपटात काळे पट्टे दिसतात, हे जॉन ग्लॅडस्टन याने १८५८ मध्ये दाखवले. १८८५ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख याने डिडिमियम हे एक मूलद्रव्य नसून प्रेसिओडिमियम व निओडिमियम यांचे मिश्रण असल्याचे सिद्ध केले.

ही प्रयोगशाळेतील गोष्ट क्षेत्रकार्याच्या पाठात कशासाठी, असे तुम्हाला वाटेल. निओडिमियम वर्णपटाच्या पिवळ्या भागातील, सुमारे ५८० नॅनोमीटर तरंगलांबीजवळचा प्रकाश शोषून घेते. हा गुण द्रावणापुरता मर्यादित नाही, तो खनिजातही टिकून राहतो. त्यामुळे उन्हात धरलेल्या बास्टनेसाइटच्या तुकड्यावरून परावर्तित होणारा प्रकाश खिशात मावणाऱ्या वर्णपटदर्शकातून पाहिला, तर पिवळ्या रंगात एक काळा पट्ट दिसू शकतो. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जे. डब्ल्यू. अ‍ॅडम्स यांनी १९६५ मध्ये विरल मृदा खनिजांच्या अशा शोषणपटांचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले. पुढे हेच तत्त्व विमानातून व उपग्रहातून होणाऱ्या वर्णपटीय सर्वेक्षणात वापरले गेले.

या कसोटीची मर्यादाही लक्षात घ्या. काळा पट्ट दिसला तर दगडात निओडिमियम आहे एवढेच कळते. मोनाझाइट या फॉस्फेट खनिजातही तो दिसतो. म्हणजे पट्ट कुटुंब सांगतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही.

३. बायान ओबो : नवे नाव, जुने खनिज

चीनच्या अंतर्गत मंगोलिया प्रांतातील बायान ओबो येथे जगातील विरल मृदांचा सर्वांत मोठा ज्ञात साठा आहे. १९२७ मध्ये चिनी-स्वीडिश संयुक्त मोहिमेतील तरुण भूवैज्ञानिक डिंग दाओहेंग यांनी तेथील लोहखनिजाचा शोध लावला. त्यांचे लक्ष लोखंडावर होते आणि ते स्वाभाविकही होते. डोंगराचा काळा रंग आणि वजन लोहखनिजाकडेच बोट दाखवत होते.

डिंग यांनी आणलेल्या नमुन्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास हे झुओलिन यांनी केला. फ्लुओराइटमध्ये विखुरलेले दोन प्रकारचे बारीक कण त्यांना वेगळे वाटले. ते विरल मृदांचे असल्याचे त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले आणि डोंगराच्या नावाचे दोन भाग करून दोन तात्पुरती नावे दिली. पुढील संशोधनात ती नवी खनिजे नसल्याचे दिसून आले. एक बास्टनेसाइट होते, दुसरे मोनाझाइट.

हे यांची चूक झाली असे म्हणून पुढे जाऊ नका. हे कण इतके बारीक होते की त्यांची कठिनता, कस किंवा विशिष्ट गुरुत्व मोजणे अवघड होते. खनिजाचे नेमके नाव चुकले तरी ‘हे विरल मृदा खनिज आहे’ हा मुख्य निष्कर्ष बरोबर होता. क्षेत्रवहीत आपण किती खात्रीने काय लिहितो याचा हा उत्तम नमुना आहे. ‘सापडले’ आणि ‘ओळखले’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये काही वर्षे जाऊ शकतात.

४. माउंटन पास : युरेनियम शोधताना

आता आपण या पाठातील मुख्य उदाहरणाकडे येऊ. कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात, नेवाडाच्या सीमेजवळ माउंटन पास ही खिंड आहे. या भागात एकोणिसाव्या शतकापासून सोने, चांदी, शिसे यांच्या शोधात माणसे येत होती. सल्फाइड क्वीन नावाची सोन्याची एक लहान खाणही तेथे होती. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे डी. एफ. हेवेट यांनी १९२० च्या दशकात या परिसराचे तपशीलवार नकाशाकाम केले. इतक्या लोकांच्या पायाखालून गेलेल्या या जमिनीत बास्टनेसाइट आहे, हे १९४९ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत युरेनियम शोधण्याची लाट आली होती. हर्बर्ट वुडवर्ड आणि क्लॅरेन्स वॉटकिन्स हे दोघे खनिजशोधक गायगर गणित्र घेऊन या भागात फिरत होते. एप्रिल १९४९ मध्ये सल्फाइड क्वीनपासून जवळच एका शिरेपाशी गणित्राची टिकटिक वाढली. त्यांनी तेथे ‘बर्थडे’ नावाने दावे नोंदवले. शिरेत फिकट तपकिरी रंगाचे एक जड खनिज भरपूर होते. पण ते युरेनियमचे खनिज नव्हते, आणि ते काय आहे हे त्या दोघांना सांगता येईना. नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासला गेला, तेव्हा ते बास्टनेसाइट असल्याचे निष्पन्न झाले.

येथे थांबून विचार करा. गणित्राने जे दाखवले ते मुख्यतः थोरियमचे किरणोत्सारण होते. बास्टनेसाइटमध्ये थोरियम सहसा अल्प असते. म्हणजे ज्या खुणेमुळे शोध लागला, ती त्या खनिजाची हुकमी खूण नव्हतीच. सोबतच्या खनिजांत थोरियम नसते, तर गणित्र गप्प राहिले असते आणि ते दोघे पुढे निघून गेले असते. त्यांचे श्रेय मात्र कमी होत नाही. ‘युरेनियम नाही’ असे कळल्यावर त्यांनी दगड टाकून दिला नाही. न ओळखता आलेल्या जड खनिजाचे नाव त्यांनी विचारले.

त्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पथकाने परिसराचा नकाशा नव्याने केला. तेव्हा सल्फाइड क्वीनच्या शेजारीच बास्टनेसाइटयुक्त कार्बोनेट खडकाची प्रचंड राशी आढळली. तिची लांबी सुमारे ७३० मीटर आणि रुंदी काही ठिकाणी सुमारे २१० मीटर होती. ऑल्सन, शॉ, प्रे आणि शार्प यांचा सविस्तर अहवाल १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. या खडकात कॅल्साइट, डोलोमाइट यांच्याबरोबर सुमारे एक पंचमांश बराइट असते. म्हणजे खडक जड का लागतो याचे सोपे उत्तर समोरच होते, आणि सोपे उत्तर मिळाले की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. बास्टनेसाइट नजरेतून सुटण्यामागे बराइटचा हा शेजारही कारणीभूत असावा, असे मानायला जागा आहे.

१९५२ मध्ये येथे उत्पादन सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून रंगीत दूरदर्शन संचाच्या पडद्यावरील लाल रंगासाठी युरोपियम लागू लागले आणि खाणीला बरकत आली. या धातुकातील विरल मृदांमध्ये युरोपियमचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्का असते. त्यानंतर चीनचे उत्पादन वाढत गेले आणि २००२ मध्ये माउंटन पासचे खाणकाम थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले.

५. खडकाचा वाद

खनिज ओळखण्यासाठी त्याच्याभोवतीचा खडकही ओळखावा लागतो. कार्बोनेट खडक म्हणजे चुनखडक किंवा संगमरवर, अशी जुनी समजूत होती. नॉर्वेतील फेन येथे अभ्यास करून ब्रोगर यांनी १९२१ मध्ये ‘कार्बोनेटाइट’ ही संज्ञा मांडली आणि असा खडक शिलारसापासून बनू शकतो असे सांगितले. अनेक थोर शास्त्रज्ञांना ते पटले नाही. १९६० मध्ये टांझानियातील ओल्डोइन्यो लेंगाई या ज्वालामुखीतून वाहणारा लाव्हाच कार्बोनेटचा असल्याचे दिसले आणि त्याच सुमारास प्रयोगशाळेतील पुरावाही पुढे आला. त्यानंतर विरोध मावळला. बास्टनेसाइट शोधणाऱ्याला यामुळे दिशा मिळाली. अल्कधर्मी अग्निज खडकांच्या सोबतीने कार्बोनेट खडक दिसला, त्यात फ्लुओराइट व बराइट असले, तर विरल मृदा कार्बोनेटांची शंका घ्यायलाच हवी.

६. भारताचा संदर्भ

भारतात विरल मृदांचा इतिहास समुद्रकिनाऱ्यावरून सुरू होतो. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्रावणकोरच्या किनारी वाळूत मोनाझाइट असल्याचे ओळखले. आयात केलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला ही शंका आली, असे सांगितले जाते. गॅसबत्तीच्या जाळीसाठी मोनाझाइटमधील थोरियम लागत असे. ही जाळीही आउअर फोन वेल्सबाख यांचीच देणगी. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया होऊ लागली. मोनाझाइटमध्ये थोरियम बरेच असल्याने त्याचे खनन अणुऊर्जा कायद्याच्या चौकटीत येते. थोरियम कमी असलेल्या बास्टनेसाइटचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे.

कठीण खडकातील भारतीय उदाहरण म्हणजे गुजरातमधील छोटा उदेपूरजवळील अंबा डोंगर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे आर. एन. सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागाचे जी. आर. उदास यांनी १९६३ मध्ये येथील खडक कार्बोनेटाइट असल्याचे प्रसिद्ध केले. हा कार्बोनेटाइट दख्खनच्या लाव्हांच्या काळातला, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. डोंगराभोवती वलयाकार पसरलेल्या या खडकात फ्लुओराइटचा मोठा साठा असून बराइटही आहे. विरल मृदा कार्बोनेटे त्यात बहुधा अतिशय बारीक कणांच्या रूपात असतात. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यातल्या कामठाई येथील कार्बोनेटाइटमध्येही बास्टनेसाइट नोंदले गेले आहे.

अंबा डोंगरावर गेलात तर भिंगाने बास्टनेसाइट दिसेलच अशी अपेक्षा ठेवू नका. तेथे तुम्ही खडक ओळखाल, सोबतची खनिजे ओळखाल आणि योग्य नमुना निवडाल. उरलेले काम पातळ छेद, सूक्ष्मदर्शक आणि क्ष-किरण विवर्तन यांचे असते.

७. क्षेत्रातील कसोट्या : एकत्रित विचार

आतापर्यंतच्या इतिहासातून पुढील क्रम हाती येतो. दाणे पुरेसे मोठे असतील तेव्हाच तो पूर्ण वापरता येतो.

• परिसर : अल्कधर्मी अग्निज खडक, कार्बोनेटाइट, फ्लुओराइट, बराइट यांची सोबत आहे का ते पाहा.

• रंग व चमक : बास्टनेसाइट मेणासारखे पिवळे ते तांबूस तपकिरी असते. चमक काचेसारखी ते तेलकट, कस पांढरा. केवळ रंगावर विसंबू नका.

• वजन : विशिष्ट गुरुत्व ४.९ ते ५.२. कॅल्साइट २.७, फ्लुओराइट ३.२, सिडेराइट ३.९६ आणि बराइट ४.५ आहे. शुद्ध तुकडा असेल तर कॅल्साइट व फ्लुओराइट हातानेच वगळता येतात. बराइट मात्र तसे वगळता येत नाही.

• कठिनता : ४ ते ४.५. चाकूने ओरखडा उठतो, पण बराइटइतका (३ ते ३.५) सहज नाही. मोनाझाइट (५ ते ५.५) चाकूला बराच विरोध करते.

• पाटन : बराइटला चांगले पाटन असून त्याचे सपाट, चकचकीत तुकडे पडतात. बास्टनेसाइटमध्ये ते सहसा तितके ठळक नसते.

• आम्ल : पूड आणि कोमट आम्ल वापरा. बास्टनेसाइट हळूहळू फसफसते, बराइट व मोनाझाइट फसफसत नाहीत. सिडेराइटही कोमट आम्लात फसफसते, पण ते वजनाने हलके असते आणि चांगले तापवल्यावर चुंबकाकडे ओढले जाते.

• वर्णपट : पिवळ्या भागात काळा पट्ट दिसला तर निओडिमियमची खात्री होते आणि बराइट व सिडेराइट दोन्ही बाद होतात.

• किरणोत्सारण : गणित्राचा आवाज वाढला तर नोंद करा, पण आवाज वाढला नाही म्हणून नमुना फेकू नका.

या सगळ्या कसोट्यांतून पार पडल्यावरही वहीत ‘बास्टनेसाइट गटातील खनिज, खात्री करणे बाकी’ असे लिहावे. कारण पॅरिसाइट आणि सिंकिसाइट ही कॅल्शियमयुक्त भावंडे बास्टनेसाइटसारखीच दिसतात आणि कधी कधी एकाच स्फटिकात थर बनून वाढतात. त्यांना वेगळे करणे हातोडी-भिंगाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सारांश

शेलेसारख्या रसायनशास्त्रज्ञाला जड दगडातले नवेपण दिसले नाही. हिसिंजरकडून कार्बोनेट निसटले. डिंग यांना लोखंड दिसले. माउंटन पासला दोन पिढ्या सोने-शिसे शोधत राहिल्या. यांतले कोणीही निष्काळजी नव्हते. प्रत्येकाजवळ एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की शोध थांबत होता. जेथे कोणी ‘हे मी शोधत होतो ते नाही, मग हे आहे तरी काय?’ असे विचारले, तेथे काम पुढे सरकले. विरल मृदा प्रत्यक्षात तितक्या विरल नाहीत. एकट्या सेरियमचे भूकवचातील प्रमाण जवळजवळ तांब्याइतके आहे. त्यांची खाणीजोगी राशी मात्र थोड्याच ठिकाणी असते आणि ती सहज ओळखू येत नाही. म्हणून पुढच्या क्षेत्रभेटीत जड, तपकिरी, न फसफसणारा दगड हाती आला, तर ‘बराइट’ लिहिण्याआधी त्याची थोडी पूड करा आणि आम्ल कोमट करून पुन्हा एकदा पाहा.

स्वाध्याय

१. ‘बास्टनेसचा टुंगस्टेन’ या नावावरून अठराव्या शतकातील खनिज-ओळखीच्या पद्धतीबद्दल काय कळते?

२. माउंटन पास येथे गायगर गणित्रामुळे शोध लागला, तरीही ते बास्टनेसाइट ओळखण्याचे खात्रीचे साधन का नाही?

३. बराइट, सिडेराइट, मोनाझाइट आणि बास्टनेसाइट यांचे चार नमुने तुमच्यासमोर आहेत. कोणत्या क्रमाने कसोट्या घ्याल? प्रत्येक पायरीवर कोणते खनिज वगळले जाते ते लिहा.

४. वर्णपटातील काळा पट्ट ‘कुटुंब सांगतो, व्यक्तीचे नाव सांगत नाही’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.

५. अंबा डोंगरासारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य कोठे संपते आणि प्रयोगशाळेचे काम कोठे सुरू होते? चर्चा करा.